वारुळावरचा नमस्कार

मी ज्यांच्यामुळे माणसात आलो त्यांची नावं घ्यायची झाली, तर पहिलं नाव अनसूयामावशीचं. सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत तिची खाणावळ होती. मी पत्र्याची पेटी घेऊन काटोलहून कॉलेजात शिकायला आलो, तेव्हा आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. त्यामुळे मॅट्रिकच्या पुढे काय असतं हे सांगणारंही कोणी नव्हतं. ते मावशीनं सांगितलं. ती स्वतः शाळेचं तोंड न पाहिलेली, पण वर्षानुवर्षं मुलं तिच्या पंगतीला बसत आणि पास किंवा नापास होऊन उठत. ते पाहून पाहून विद्यापीठाचा सगळा कारभार तिला पाठ झाला होता. परीक्षेच्या दिवसांत ती मला पहाटे उठवी आणि चुलीजवळ वाचायला बसवी, कारण खोलीत मी पुस्तक उघडं ठेवून झोपतो हे तिनं ओळखलं होतं. मी पदवीधर झालो, नागपुरातच मास्तर झालो. याचं श्रेय मी समारंभात प्राध्यापकांना देतो, तशी रीतच आहे. लिहिताना मात्र खरं लिहितो.

अशा मावशीनं मला आयुष्यात एकच काम सांगितलं. ते काम म्हणजे हा प्रवास.

तिचं माहेर रामटेकच्या पुढे, जंगलात, पेंचला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठी. गावाचं आणि त्या नदीचं नाव मी इथं देणार नाही. प्रवासवर्णनात हा आडमुठेपणाच झाला, पण तशी अट आहे, आणि ती का आहे ते पुढे येईलच. मावशीचं सासर त्याच नदीच्या पलीकडच्या काठावर. अलीकडून हाक मारली तर पलीकडची म्हैस मान वळवते, एवढंच अंतर. तरीही लग्नानंतर थोड्याच वर्षांत मावशीला माहेरचं बोलावणं येणं थांबलं. मग तिचा नवरा वारला, ती नागपूरला आली, पोरांना जेवू घालता घालता तिचे केस पिकले, आणि बोलावणं काही आलं नाही. बोलावल्याशिवाय माहेरी जायचं नाही, हा तिचा बाणा. तिनं विचारल्याशिवाय बोलवायचं नाही, हा भावाचा, डोमाजीचा.

भांडण कशावरून, तर सात्यांवरून. सात्या म्हणजे श्रावणात वारुळांवर उगवणाऱ्या अळंब्या. आमच्या काटोलकडे संत्र्यांचं कौतुक फार, असल्या वस्तूला आम्ही कुत्र्याची छत्री म्हणतो आणि लाथेनं उडवतो. मावशीच्या गावात मात्र प्रत्येक घराचं आपापलं वारूळ असतं आणि ते कुठं आहे हे घराबाहेर कोणाला सांगायचं नसतं. लेकी लहानपणी टोपली घेऊन तिथं जातात, त्यामुळे त्यांना ठाऊक असतं. लग्न झालं की माहेरच्या उंबऱ्यावर ते विसरून सासरी जायचं, असा दंडक आहे. मावशी विसरली नाही. नव्या नवरीला सासरी काही मान मिळेना, तेव्हा तिनं एका श्रावणात पहाटे नदी ओलांडून माहेरच्या वारुळावरच्या सात्या टोपलीभर आणल्या आणि सासूपुढे ठेवल्या. सासूनं कौतुक केलं आणि जागा विचारली. तिनं सांगितली.

"मान काही भेटला नाही," मावशी म्हणाली, "जागा तेवढी गेली."

त्या वर्षी तिचे गुडघे फार धरले होते. श्रावण लागला तशी ती मला म्हणाली, "तुले सुट्टी हाये ना गा? जाऊन ये. डोमाजी मले बोलावते का, एवढं पाह्यजो. मांगू नको बरं. नुसतं पाह्यजो. औंदा नाही बोलावलं तं मी तिकडचं नावच काढत नाही."

रामटेकच्या पुढे

नागपूरच्या माणसाला नदीविषयी बोलायचा अधिकार किती, हा प्रश्नच आहे. आमच्या शहराला नाव दिलं ते नाग नदीनं, आणि आम्ही तिच्या पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतो. रामटेकहून पुढची मोटार मिळाली, तिनं मला एका फाट्यावर उतरवून दिलं, आणि चिखलातून चालत मी काठावर आलो. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की नदी हा शब्द मुलांना शिकवताना आपण फार घाई करतो.

दोन दिवसांपूर्वी मोठा पाऊस झाला होता. तशा पावसानंतर आमच्याकडचे नाले आठवडाभर लाल वाहतात. इथं वरच्या अंगाला सगळा डोंगर झाडांनी झाकलेला, माती पाण्याबरोबर यायला तयार नाही. पाणी अजून थोडं पिवळट होतं, पण उतारात पाय घातला तर घोटा दिसत होता. काठाला खेकडे आपापल्या बिळाशी उभे होते. झिंग्यांचे घोळके पायाशी येऊन जात होते, आणि तेही न घाबरता. श्रावणात अलीकडचं गाव मासे खात नाही, पलीकडचंही खात नाही, त्यामुळे महिनाभर तिथले मासे मोठ्या आत्मविश्वासानं वावरतात.

मी विद्यार्थ्यांना सांगायला म्हणून पाण्याकडे टक लावून पाहत होतो, तेवढ्यात माझी एक चप्पल निघाली आणि वाहत गेली. पाणी इतकं स्वच्छ होतं की ती किती लांब गेली हे मला शेवटपर्यंत दिसलं.

पलीकडून एक पन्नाशीतला माणूस ही गंमत बघत होता. त्यानं पाण्यात उतरून चप्पल अडवली आणि आणून दिली. नाव गणपत. कुठून आलात, कोणाकडे, कशाला, असं त्यानं रीतसर विचारलं. नागपूरच्या खाणावळीचं नाव निघताच त्याचा चेहरा बदलला. तो मावशीचा धाकटा दीर निघाला. वहिनी बऱ्या आहेत ना, एवढं विचारून तो म्हैस शोधायची आहे म्हणत निघून गेला. म्हैस त्याच्या मागेच उभी होती.

डोमाजीच्या घरी

मावशीचा भाऊ डोमाजी उंच, ताठ, कमी बोलणारा. मी त्यांना मामा म्हटलं, त्यांनी मला मास्तर म्हटलं, आणि ओळख झाली. मामी मात्र बोलक्या. पाय धुवायला पाणी देतानाच त्यांनी मला गावाचा नियम सांगितला. प्यायचं पाणी वरच्या डोहातलं, अंघोळ त्याच्या खाली, भांडी त्याच्या खाली, आणि म्हशी सगळ्यांत शेवटी. हे कुठं लिहिलेलं नाही, पण मोडत कोणी नाही. मोडतात ते फक्त पलीकडचे, असं मामी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या एका बाईनं मला हेच अलीकडच्यांबद्दल सांगितलं. एकमेकांच्या म्हशींवर अशी नजर ठेवल्यामुळे नदी निर्मळ राहते. नागपूरला आमची एकमेकांवर नजर नाही, तिथं नगरपालिका आहे.

जेवायला नव्या तांदळाची आशा मी धरली होती. पण धान अजून बांधीत, म्हणजे शेतातच, उभं होतं, म्हणून जुन्याच तांदळाचा भात, तरोट्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची. वास्ते चिरून वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवतात, तेव्हा त्यांचा कडूपणा जातो. आमच्या काटोलकडे ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवण झालं असं कोणी मानत नाही. इथं मी भाकर मागितली तर मामी माझ्याकडे काळजीनं पाहू लागल्या आणि पोट बरं आहे ना, असं विचारू लागल्या.

मावशीचं नाव कोणी काढलं नाही. मी काढणार होतो, पण मागू नको असं बजावलेलं. मामांचे प्रश्न मात्र चालू होते. नागपूरला खाणावळीत तांदूळ कुठला वापरतात. तिथं पाणी नळाचं येतं का. आणि आलं तर वेळेवर येतं का. मग बराच वेळ सुपारी कातरून झाल्यावर, शहरातल्या म्हाताऱ्या माणसांचे गुडघे दुखतात काय, आणि दुखतात तर त्यावर काय लावतात. मी प्रत्येक प्रश्नाचं सविस्तर उत्तर दिलं. कोणाचे गुडघे, हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला वाटलं, हे बोलावणं अगदी ओठावर आलं आहे. पण मामा उठले आणि गोठ्याकडे गेले.

गोटे दिसले

दुसरा दिवस गावानं नदीकडे बघण्यात घालवला. येणारा-जाणारा एकच विचारायचा, गोटे दिसले का. वरच्या डोहात कमरेएवढ्या पाण्यात तळाचे गोटे स्पष्ट दिसले, की त्याच्या दुसऱ्या पहाटे सात्या निघतात. पाऊस थांबून जमीन थोडी तापते आणि त्याच वेळात नदी निवळते, असं मी माझ्या पुस्तकी डोक्यानं जुळवलं. मामांचं म्हणणं वेगळं होतं. ढग गडगडले की वारूळ आतून फुटतं. मामी म्हणाल्या, नागोबाला दूध पावलं की तो आपणहून वाट सोडतो. तिघांची तीन कारणं, पण डोहाशी आम्ही तिघेही जाऊन उभे राहिलो. स्वच्छ पाण्याची गरज आणखी एका कारणासाठी असते. सात्यांच्या छत्रीखाली पापुद्रे असतात, त्यात माती बसते. गढूळ पाण्यात धुतल्या तर जेवताना दाताखाली नदीच येते. म्हणून ज्या दिवशी नदी निवळ नाही त्या दिवशी सात्या निघाल्या तरी त्या वाया गेल्या असंच समजतात.

संध्याकाळी गोटे दिसले. मामा म्हणाले, पहाटे मी कुठं जातो हे विचारायचं नाही. मग थोडं थांबून म्हणाले, यायचं असेल तर ये, पण मी तुला नेलं नाही असं समज. मी हो म्हटलं. पदवी घेतल्यापासून इतका बुचकळ्यात मी पडलो नव्हतो.

वारूळ

उजाडायच्या सुमाराला आम्ही निघालो. झिमझिम होती, म्हणून मामांनी घोंगडीची खोळ डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढली होती आणि मलाही एक दिली होती. सागाच्या रानातून, वाकड्या वाटेनं, तीनदा मागे बघून मामा मला एका मोठ्या वारुळाशी घेऊन आले. वारुळाच्या पायथ्याशी, पाचोळ्यातून, पांढऱ्या करड्या छत्र्या वर आल्या होत्या. काही मिटलेल्या, काही उमललेल्या. कुत्र्याच्या छत्र्यांना उभा जन्म लाथा घातल्याचं मला जरा ओशाळवाणं वाटलं.

पण त्याहून मोठं आश्चर्य म्हणजे तिथं आम्ही एकटे नव्हतो. वारुळाच्या पलीकडच्या अंगाला आणखी खोळी वाकलेल्या होत्या. चार-पाच तरी. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सगळे खाली मान घालून, आवाज न करता, आपापल्या बाजूच्या सात्या खुडत होते. मामाही त्यांच्याकडे पाठ करून अलीकडची बाजू खुडायला लागले, जणू त्या रानात ते एकटेच आहेत.

मला लहानपणापासून एक वळण लावलेलं आहे. माणूस दिसला की नमस्कार करायचा. काटोलच्या शाळेत आमचे हेडमास्तर त्यासाठी रांगेत उभं करीत. एक खोळ वर झाली, तिच्याखाली मला ओळखीचा चेहरा दिसला, आणि मी दोन्ही हात जोडून मोठ्या आवाजात म्हणालो, "नमस्कार, गणपतराव!"

सगळ्या खोळी जागच्या जागी थांबल्या. एवढ्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण शेजारच्या खोळीखाली ओळखीची बांगडी दिसली. "मामी, तुम्ही केव्हा आलात?" असंही मी विचारलं.

नंतर मला कळलं, की तिथं कोण येतं हे सगळ्या गावाला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. खोळीतला माणूस ओळखायचा नसतो, एवढाच तिथला शिष्टाचार. ओळखलं नाही म्हणजे तो आला नाही. आला नाही म्हणजे त्यानं काही नेलं नाही. गणपत तिथं कित्येक श्रावण न येता येत होता, मामीही तशाच, आणि मी एका नमस्कारानं त्याला तिथं आणून उभा केला होता. आता काहीतरी बोलणं भागच होतं.

गणपतनं खोळ मागे टाकली. मामांनीही टाकली.

"आता मास्तरनं नाव घेतलंच," गणपत म्हणाला, "तं बोल डोमाजी. चोर म्हणतं का मले?"

"चोर म्हणलं असतं तं पयल्याच साली म्हणलं असतं," मामा म्हणाले. "तिकडची बाजू मी कधी खुडली काय? पाह्यलं का कधी?"

"नाही पाह्यलं."

"अनसूचा वाटा हाये तो. बहिणीचा वाटा सोडतो मी. बहिणीले बोलावत नाही, ते वेगळं."

मी तोंड वासून उभा होतो. नागपूरला मावशी इतकी वर्षं समजून होती की तिच्यामुळे भावाची जागा गेली. आणि इथं भाऊ दरवर्षी अर्धं वारूळ तिच्या नावानं सोडून घरी जात होता, आणि रागही तसाच शाबूत ठेवत होता.

"वहिनीचा वाटा म्हणजे आमच्या घरचाच झाला की," गणपत हसून म्हणाला. तिथं तो चुकला.

मामांचा चेहरा लाल झाला. बहीण विधवा झाली तेव्हा सासरच्यांनी तिला ठेवून घेतलं नाही, ती नागपूरला भांडी घासायला गेली, हे ते विसरले नव्हते. इतक्या वर्षांत ते बोलायची सोय नव्हती, कारण वारुळावर कोणी येतच नव्हतं. आता गणपत समोर होता. मामांनी ते सगळं ऐकवलं, आणि शेवटी म्हणाले, "वाटा अनसूचा. अनसू येईल तं अनसू नेईल. तुम्ही हात लावायचा नाही."

"अनसू येईल कशी? बोलावलं कोणं तिले?"

  मावशीला बोलवायचं तर भावाचा बाणा मोडतो. न बोलवायचं तर अर्धं वारूळ गणपतचं होतं. मी जन्मात इतकी अवघड परीक्षा पाहिली नव्हती, आणि प्रश्नपत्रिका मीच काढली होती.

मामींनी खोळीतूनच, मान वर न करता विचारलं, "मंग बोलवा ना. काय अडलं?"

मामा हातातल्या सात्या टोपलीत ठेवून उठले. मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, तोंड उघडलंच हायेस, तं आता हातही चालव. लिव्ह चिठ्ठी."

परतताना

सात्या आम्ही वरच्या डोहाखाली धुतल्या. एकेक छत्री बोटांवर उलटी धरून वाहत्या पाण्यात हलवायची, की पापुद्र्यातली माती सुटते आणि एक बारीक काळी रेघ पाण्यात लांबत जाते. गणपतही पलीकडच्या काठावर बसून आपल्या वाट्याच्या, म्हणजे मावशीच्या वाट्याच्या, त्या दिवसापुरत्या धूत होता. दोन्हीकडची रेघ पुढे एकत्र होत होती.

मामींनी रस्सा केला. चव कशाची, हे मी बोलून दाखवणार होतो, पण श्रावण आहे, नाव घेऊ नको, असं मामींनी आधीच दटावलं. वाचकांनी समजून घ्यावं.

चिठ्ठी डाकेनं टाकली असती तर ती पोचेपर्यंत नदी पुन्हा गढूळ झाली असती. म्हणून ती फाट्यावरच्या मोटारीच्या कंडक्टरबरोबर द्यायचं ठरलं. मामांनी एकच अट घातली. मावशीला पत्र पंगतीतला कोणी पोरगा वाचून दाखवतो, आणि बाकीची पंगत कान लावून असते, हे मी त्यांना भोळेपणानं सांगून बसलो होतो. तेव्हा पत्रात गावाचं, नदीचं, वारुळाचं नाव नको. पुढे मी हा प्रवास कुठं लिहिला तरी नको. मी वचन दिलं आणि अजून पाळतो आहे. पत्र पोचलं की नाही, असं कोणी विचारलं तर एवढंच सांगता येईल, की त्या श्रावणात सीताबर्डीच्या मागच्या गल्लीतली खाणावळ आठवडाभर बंद होती. त्या वेळच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना ही उपासमार आठवत असेल. पत्राची नक्कल मी ठेवली होती, ती अशी:

तीर्थस्वरूप मावशीस, गुणवंताचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथं खुशाल पोचलो. इथं म्हणजे कुठं ते तुला ठाऊक आहे. जो हे वाचून दाखवतो आहे त्यानं विचारू नये.

वस्तू निघाली आहे. जागा तीच आहे. त्यातला अर्धा वाटा दरवर्षी तुझ्या नावानं सोडलेला असतो, हे मला आज कळलं. तो दुसरेच नेत होते. त्यावरून आज बोलाचाली झाली. ती माझ्यामुळे झाली, पण त्याबद्दल इथं कोणी मला फार बोललं नाही. आता असं ठरलं आहे की वाटा तू स्वतः येऊन घ्यायचा, नाही तर तो कायमचा जाईल.

मामा बोलावत नाहीत. हे बोलावणं नाही, आपली वस्तू आपण येऊन न्यावी, असं लिही म्हणाले, म्हणून लिहिलं. उद्याच्या सकाळच्या मोटारीनं निघ. पाणी अजून एकदोन दिवस निवळ राहील. फाट्यावर बैलगाडी उभी असेल, तिच्यात कडबा जास्त घालायला सांगितलं आहे, तुझे गुडघे दुखतात म्हणून. गुडघ्यांचं मी सांगितलं नव्हतं. त्यांनीच विचारलं होतं.

कापडचोपड काही आणू नकोस. दर पोळ्याला तुझ्या नावाचं लुगडं घेतलं जातं, ती सगळी मामींच्या पेटीत पडून आहेत. हे लिहायचं नाही असं मामांनी मला बजावलं आहे, पण ते आत्ता म्हशी आणायला गेले आहेत.

तुझा,
गुणवंत